सहीमागचं कारण

ताई, मागच्या लेखात मी लिहिलं होतं की वडिलांच्या शेतीतल्या माझ्या वाट्याचं हक्कसोडपत्र भावाला करून दिलंय आणि 'का दिलंस' म्हणून विचारणाऱ्यांना कारण सांगणार नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत, ''कायद्यानं दिलेलं सोडलंत, वर मिरवलंत. उद्या कऱ्हाडकडचा प्रत्येक भाऊ बहिणीपुढे तुमचंच उदाहरण ठेवेल. आगरकरांच्या भागातली बाई अशी गप्प कशी?''

'मिरवलंत' हे लागलं. पण उदाहरणाचं म्हणणं खरं आहे, म्हणून आधी तेवढं स्वच्छ लिहिते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात तसं आहे. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हक्क जन्मानंच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागणं ही भावाची मेहेरबानी नव्हे. 'सही कर, नाहीतर माहेर तुटलं समज' म्हणत कुणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेत असेल, तर बायांनो, जाऊ नका. साडीचोळीवर जमीन सोडू नका. हे मागच्या वेळीच लिहायला हवं होतं. चुकलं माझं.

कारणाचं मात्र निराळं. ते माझ्या एकटीचं नाही. वहिनीनं चुलीपुढं बसून मला जे सांगितलं ते मला सांगितलं, गावाला नाही. सुरुवातीला मी दोघी चुलत्यांना खरं ते सांगून बसले. संध्याकाळपर्यंत ते तिखटमीठ लावून भावकीभर झालं. वहिनी एका शब्दानं बोलली नाही, फक्त दोन महिने तिनं माझा फोन उचलला नाही. पुढं गिरणीत, लग्नात, एसटीत कुणीही विचारलं तरी मी गप्प राहायला शिकले. स्वतःला धुतल्या तांदळासारखं दाखवायचं तर तिचं घर उघड्यावर आणावं लागतं. ते मी करणार नाही.

आणि टेंभूच्या आगरकरांचं म्हणाल, तर बालविवाह, केशवपन यांवर ते 'सुधारक'मधून उभ्या समाजाशी भांडले. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली त्यांना बघावी लागली. पण एवढं शिकून मोठ्या पगाराच्या मागं लागणार नाही, हे त्यांनी पत्रातून कळवलं ते आईला. मुलाच्या शिक्षणावर आशा लावून तीच बसलेली होती. मतांसाठी चारचौघांत वाद घालावा, तो मी तुमच्याशी आत्ता घालतेच आहे. स्वतःच्या निवडीचा हिशेब मात्र जिचं त्यात काही गेलं तिला द्यायचा.

माझ्या बाबतीत ती माझी मुलगी. पुढंमागं ती जमीन तिचीच होती. सही करायच्या आदल्या रविवारी तिला घेऊन प्रीतिसंगमावर गेले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, बराच वेळ कोयनेकडं बघत बसली. मग म्हणाली, ''आई, तुझं कळलं. पण मी तुझ्या जागी असते तर सही केली नसती.''

''करूही नकोस,'' म्हटलं.