कार्लाइलचा १९१२चा सीझन: श्रेय कुणाचं?

विषय शिऱ्याने काढला. 'अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात भारी सीझन कुठला?' आणि उत्तरही त्यानेच देऊन टाकलं. '१९१२. कार्लाइल इंडियन स्कूल, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मुलांची शाळा. १४ सामने, १२ जिंकले, एक हरले, एक बरोबरीत.' हा हातात चेंडू घेऊन पळायचा फुटबॉल, हे बंड्याला पटेपर्यंत पहिला चहा संपला.

अण्णा शाळेत पी.टी.चे मास्तर होते. त्यांचं ठाम मत, श्रेय कोचचं. पॉप वॉर्नरचं. 'अरे, समोर थोराड गडी, आपली पोरं अंगाने हलकी. तिथे डोकं लागतं. १९०६ साली चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी कार्लाइलने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला २६-६ असं लोळवलं. ही चाल कुणी शिकवली?'

'पण पळालं कोण?' शिऱ्या उसळला. 'जिम थॉर्प! त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पाच प्रकारांची पेंटॅथलॉन आणि दहा प्रकारांची डेकॅथलॉन, दोन्ही सुवर्णपदकं जिंकून आलेला माणूस.'

मग वेस्ट पॉइंटचा सामना निघाला. तो निघाला की मला गप्प बसवत नाही. तारीख ९ नोव्हेंबर. समोर लष्करी अकादमीची टीम. वुंडेड नीला अमेरिकी सैन्याने मूळ रहिवाशांपैकीच असलेल्या लाकोटांची कत्तल केली त्याला जेमतेम २२ वर्षं झालेली, आणि त्याच सैन्याचे होऊ घातलेले अधिकारी पलीकडे उभे. निकाल २७-६, कार्लाइलच्या बाजूने. आर्मीचा कर्णधार लेलँड डेव्होर धसमुसळेपणावर उतरला, त्याला मैदानाबाहेर काढलं. आर्मीकडून ड्वाइट आयझेनहॉवरही खेळत होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. त्याने आणि एका साथीदाराने थॉर्पला दोन्हीकडून गाठून चिरडायचं ठरवलं, थॉर्प ऐनवेळी थबकला आणि हे दोघेच एकमेकांवर आदळले, असं सांगतात.

सुमा इतका वेळ ऐकत होती. 'शाळा कसली होती ते सांगा ना,' ती म्हणाली. 'ते कॉलेजसुद्धा नव्हतं. १८७९ साली रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने जुन्या छावणीत काढलेली निवासी शाळा. लांबलांबून मुलं आणायची, केस कापायचे, गणवेश चढवायचा, स्वतःची भाषा बोलायला बंदी. त्यातली कित्येक तिथेच मेली. त्यांचे अवशेष आत्ता २०१७पासून त्यांच्या माणसांकडे परत जायला लागलेत. आणि तुम्ही गुण मोजताय.'

'गुण मोजायचेच,' शिऱ्या म्हणाला. 'तेवढंच तर त्या पोरांचं स्वतःचं होतं.'

शिऱ्याचं मला पटलं, पण सुमाचा मुद्दा सोडवत नाही. त्या सीझनचं वेळापत्रकच बघा. शनिवारी, २६ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनशी सामना, ३४-२०. सोमवारी टोरोंटो विद्यापीठाशी, ४९-१. त्याच आठवड्यात शनिवारी आणखी एक सामना, लीहाय विद्यापीठाशी. मोठे सामने बहुतेक दुसऱ्यांच्या मैदानावर, कारण तिकिटांचा गल्ला तिथे. आर्मीला हरवल्यावर पुढच्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनियाकडून ३४-२६ अशी हार झाली, त्याचं मला तरी नवल वाटत नाही.

गल्ल्याचा पैसा वॉर्नरच्या हातात होता. १९१४ साली अमेरिकी काँग्रेसची चौकशी शाळेत आली, कारण विद्यार्थ्यांनी सह्या करून तक्रार केली होती. पुढाकार गस वेल्चचा. हाच वेल्च वेस्ट पॉइंटला क्वार्टरबॅक होता, वॉर्नरच्या चाली मैदानावर चालवणारा! कोचच्या शिवीगाळीबद्दल आणि पैशांबद्दल खेळाडूंनीच साक्षी दिल्या. कोचला श्रेय देताना ह्या साक्षी बाजूला ठेवता येत नाहीत, असं मी म्हणालो.

अण्णा हटले नाहीत. 'माणूस कसा होता ते सोड. वॉर्नर पुढे पिट्सबर्ग विद्यापीठाला कोच म्हणून गेला आणि पहिल्या तीन सीझनमध्ये एकही सामना हरला नाही. तिथे कुठे थॉर्प होता?'

मुद्दा बिनतोड होता. शिऱ्या क्षणभर अडखळला.

'म्हणजे त्याला जायला पिट्सबर्ग होतं,' सुमा म्हणाली. 'थॉर्पची पदकं १९१३ साली काढून घेतली, उन्हाळ्यात चार पैशांसाठी बेसबॉल खेळला म्हणून. तेव्हा आपल्याला काही ठाऊकच नव्हतं म्हणून वॉर्नरने हात झटकले. आणि थॉर्पला त्या शर्यतींचा एकमेव विजेता मानायला २०२२ उजाडलं. तो तर १९५३ सालीच गेला होता.'