प्लग काढला की मायक्रोवेव्ह नुसता डबा राहतो म्हणे!

गेल्या मंगळवारी दुपारी आत्याचा व्हिडिओ कॉल आला. उचलला तर आत्या दिसेचना, दिसला तिच्या ओट्यावरचा मायक्रोवेव्ह, वरचं पत्र्याचं कव्हर काढलेलं आणि आतोबांचा हात आत. हातात पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर. "अगं, हा चपटा डबा आहे ना, ह्याच्या दोन पिनांना एकदमच टेकवायचा म्हणतायत, हाच का तो?" असं विचारत होते, इतकं निवांत की जणू मिक्सरचं भांडं बसवतायत. मी दुकानात होते, "आतोबा, आधी हात बाहेर काढा!" असं ओरडले तर समोरचं गिऱ्हाईक दचकलं.

आतोबा साखर कारखान्यात फिटर होते, त्यांच्या घरातला पंखा, इस्त्री, मिक्सर कधी बाहेर दुरुस्तीला गेलेला मी तरी बघितला नाही. असा माणूस फसला तो आत्याच्या भिशीच्या ग्रुपवरच्या एका फॉरवर्डमुळे. "मायक्रोवेव्ह बिघडला? मेकॅनिकला २००० रुपये देऊ नका! हे ८ घरगुती उपाय करा", पुढे हिरव्या टिका, शेवटी हात जोडलेले. तोच मेसेज मला त्या आठवड्यात आणखी तीन ठिकाणांहून आला, एकदा तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून. मी आयटीआय करून गेली अकरा वर्षं हेच काम करते, त्यामुळे "मेकॅनिक लुटतात" हे वाक्य मला झोंबलं हे कबूल. काही लुटतात हेही कबूल. नुसता चाइल्ड लॉक लागलेला असताना "बोर्ड गेलाय" म्हणून पैसे घेणारे लोक मला माहीत आहेत. पण म्हणून असलं काहीतरी पाठवायचं?

क्रमाने घेत नाही. जीव घेणारे आधी.

उपाय ५: "प्लग काढल्यावर मायक्रोवेव्ह म्हणजे नुसता लोखंडी डबा. कव्हर उघडा, कपॅसिटरच्या दोन्ही पिनांना स्क्रूड्रायव्हर लावून करंट काढून टाका, मग बिनधास्त काम करा."

नुसता डबा! बाकी घरातल्या बहुतेक वस्तूंना हे चालून जातं, म्हणूनच आतोबांना ते पटलं. इस्त्रीचा प्लग काढला की इस्त्री मेली. मायक्रोवेव्हचं तसं नाही. भिंतीतले २३० व्होल्ट आत जातात, तिथल्या जाड ट्रान्सफॉर्मरमधून साधारण २००० व्होल्ट होऊन निघतात, आणि पुढे कपॅसिटर नि डायोड मिळून मॅग्नेट्रॉनला (अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणाऱ्या नळीला) ४००० च्या आसपास देतात. तो चपटा डबा म्हणजे कपॅसिटर, वीज साठवून ठेवणारा. प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो, आता ह्यात फॉरवर्डवाल्याला अर्धं सत्य सापडलंय ते देऊन टाकते, की बऱ्याच कपॅसिटरच्या आतच एक रेझिस्टर बसवलेला असतो जो हा चार्ज हळूहळू, म्हणजे मिनिटभरात, उतरवतो. उतरवतो, तो रेझिस्टर चांगला असेल तर. तो गेलाय की आहे हे बाहेरून बघून मलाही कळत नाही, आणि मशीन तुमच्यापुढे उघडं पडलंय तेच मुळात काहीतरी बिघडलंय म्हणून. मी स्वतः प्रत्येक वेळी रेझिस्टर लावलेल्या इन्सुलेटेड वायरने उतरवते, एक हात खिशात ठेवून, मग मीटर लावून बघते, आणि मगच हात घालते. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडली की पिना जळतात, कपॅसिटर फुटू शकतो, आणि मूठ तडकलेली असेल तर (आतोबांची तडकलेली होती, चिकटपट्टी गुंडाळून) पुढचं मी लिहीत नाही.

"आमच्याकडे ईएलसीबी आहे, लगेच पडतो" असं सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं. दादा, ईएलसीबी (करंट गळला की लाइट पाडणारा खटका) बघतो तुमच्या घरच्या फेज-न्यूट्रलचा हिशोब, गेला तेवढा करंट परत आला का. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला तुम्हाला शॉक बसला तर अलीकडचा हिशोब जुळलेलाच राहतो, तो पडतच नाही. मिक्सरचा शॉक बसला तर माणूस हात झटकून शिव्या देतो. ह्या ट्रान्सफॉर्मरमागे अर्धा अँपिअर देण्याची ताकद असते, ती शिव्या द्यायला ठेवत नाही. अमेरिकेत जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेने झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी जाळायचं खूळ निघालं होतं, त्यात तीसच्या वर माणसं गेली, शेवटी तिथल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत त्यावर बंदी घातली. ती सगळी हौशी, हुशार, हाताने कामं करणारी माणसं होती. आतोबांसारखीच.

उपाय ३ आणि ४ एकत्र घेते कारण ते एकमेकांचे भाऊ आहेत. "फ्यूज उडाला असेल तर तांब्याची बारीक तार पिळून लावा" आणि "दार नीट लागत नसेल तर आतला स्विच काडी घालून दाबून ठेवा".

कटआउटला तार बांधायची सवय आपल्या सगळ्यांच्या घरात होती, लाइट गेली की मेणबत्ती धरून खुर्चीवर उभं राहायचं आणि तार बांधायची. पण मायक्रोवेव्हचा तो सिरॅमिकचा फ्यूज फक्त जास्त करंटसाठी नसतो. दाराला साधारण तीन स्विच असतात. दार उघडलं की दोघांनी लाइन तोडायची. तिसऱ्याचं काम उलटं. त्या दोघांतल्या मुख्य स्विचचे पॉइंट आतून चिकटून बसले, म्हणजे दार उघडलं तरी तो चालूच राहिला, तर हा तिसरा मुद्दाम शॉर्ट करतो आणि फ्यूज उडवतो. मुद्दाम! कारण दार उघडं आणि मॅग्नेट्रॉन चालू अशी वेळ येण्यापेक्षा मशीन मेलेलं बरं. अमेरिकेच्या एफडीएचा (गुटखा पकडणारी आपली एफडीए नव्हे, तिकडची) हाच नियम आहे: दोन स्वतंत्र इंटरलॉक (दार उघडताच लाइन तोडणारे स्विच) हवेत, आणि त्यातला एक जरी फेल झाला तरी ओव्हन बंद पाडणारी तिसरी यंत्रणा हवी. तिकडे १९७१ पासून मायक्रोवेव्हवर ह्या एफडीएचे नियम लागू आहेत.

म्हणजे दार उघडताना किंवा लावताना फट् करून फ्यूज उडाला तर मशीन तुम्हाला सांगतंय की माझा दाराचा स्विच गेलाय. आणि तुम्ही काय करताय, तर तार बांधून त्याचं तोंड दाबताय. पुढच्या वेळी उडायला फ्यूजच नाही, एक तर घराचा एमसीबी (मेन बोर्डातला खटका) पडेल किंवा तो तिसरा स्विचच जळून जाईल, आणि जळला की राखणीला कोण उरलं? वर उपाय ४ ऐकून काडी घातली असेल तर बघायलाच नको. मायक्रोवेव्ह लहरी अंगावर आल्या तर कातडी आणि तिच्याखालचं मांस तापवतात, त्यात डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, उष्णता वाहून न्यायला काही नाही, म्हणून मोतीबिंदूची भीती. दार वाकलंय, बिजागरी ढिली झाली, काच-जाळी फुटली, तर वापर बंद, एवढंच. एफडीएपण तेच सांगते, आणि त्यासाठी तिची गरज नव्हती खरं तर.

(फ्यूज उडायची कारणं आणखीही असतात, कपॅसिटर किंवा डायोड शॉर्ट असतो, तेव्हाही तार लावून काहीच बरं होत नाही, फक्त पुढचा भाग जळतो.)

उपाय ७, हा वाचून मी हसले. "महिन्यातून एकदा ५ मिनिटं रिकामा चालवा, मॅग्नेट्रॉनमधला ओलावा निघून जातो." मॅग्नेट्रॉन ही निर्वात नळी आहे. आत हवाच नाही तर ओलावा कुठून येईल? उलट आत पाणी, भात, काहीच नसलं तर लहरी शोषायला कोणी नाही, त्या परत फिरून मॅग्नेट्रॉनलाच तापवतात. आत्याने हा उपाय दोनदा केलेला होता. ग्रिल किंवा कन्व्हेक्शन मोडला प्रीहीट करताना रिकामा चालवतात ते वेगळं, तिथे कॉइल तापते, मॅग्नेट्रॉन बंद असतो. फॉरवर्डवाल्याने बहुतेक इथेच खिचडी केली.

उपाय ६: "मोबाइल आत ठेवून रिंग द्या, वाजला तर लीकेज आहे, कॅन्सर होतो". मोबाइल आतमध्ये जवळजवळ नेहमीच वाजतो हो! फोन सिग्नलचा इतका बारीक अंश पकडतो की ओव्हनच्या जाळीने हजारो पटीने कमी करूनही त्याला पुरेसा उरतो, वर फोनच्या बऱ्याच फ्रिक्वेन्सी ओव्हनच्या २४५० मेगाहर्ट्झपेक्षा वेगळ्या. त्यातून लीकेजचं काहीच कळत नाही, एवढंच होतं की घरातलं कोणीतरी फोन आत विसरतं आणि दुसरं कोणीतरी स्टार्ट दाबतं. आणि मर्यादा किती, तर पुन्हा तीच एफडीए: पृष्ठभागापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट, ओव्हनच्या आख्ख्या आयुष्यात. आणि ५० सेंटिमीटर लांब उभं राहिलात तर त्याचाही शंभरावा हिस्सा. कॅन्सरची भीती घालणारा माणूस दोन ओळी वर दाराच्या स्विचमध्ये काडी घाला म्हणतो, ह्याला काय म्हणायचं!

उपाय २, ठिणग्या येतात तर "आतला पुठ्ठा काढून टाका किंवा फॉइल लावा". तो पुठ्ठा नाही, अभ्रकाची शीट आहे, उजव्या भिंतीवरची खाकी-चंदेरी चौकोनी. तिच्यामागून लहरी येतात. पोहे-फोडणीचं तेल उडून तिच्यावर बसतं, ते जळून कोळसा होतो आणि तो कोळसा ठिणग्या मारतो. ही शीट बाजारात कापून लावायची मिळते, थाळीच्या जेवणाएवढे पैसे, कव्हर उघडावं लागत नाही, प्लग काढून घरी जरूर बदला. फॉइल मात्र नको, काढून टाकणं पण नको, मागे सगळं तेल आत जाईल. रुखवतातल्या सोनेरी कडेच्या बशा आणि ग्रिलचा स्टँड आत विसरणे ही ठिणग्यांची दुसरी दोन कारणं.

उपाय १, लिंबाचं पाणी वाटीत ५ मिनिटं उकळवा, हे बरोबर आहे. द्यायला जिवावर येतंय पण बरोबर आहे, वाफेने चिकट थर सुटतो, फडक्याने पुसला की झालं. "त्यामुळे हीटिंग वाढतं" हे मात्र त्याने पदरचं घातलंय. आणि अगदी गुळगुळीत काचेच्या भांड्यात नुसतं पाणी फार वेळ तापवू नका, उकळी न फुटताच ते उकळबिंदूच्या वर जातं आणि हलवलं की अंगावर उसळतं. आत लाकडी चमचा ठेवा.

उपाय ८ म्हणजे एक्स्टेंशन बोर्डावर लावा, तो वाचून सोडून दिला. मायक्रोवेव्हला १५ अँपचा पॉवर पॉइंटच लागतो, फ्रिजच्या बोर्डात दुसरा प्लग घुसवू नका, विषय संपला.

आता पैसे वाचवायचेच असतील तर माझ्याकडे येणाऱ्यातले बरेच जण ज्यासाठी येतात ते सांगते, धंद्याचं नुकसान करून. बटणं चालत नाहीत, तर चाइल्ड लॉक बघा, बहुतेक वेळा स्टॉप किंवा क्लिअर तीन-चार सेकंद दाबून ठेवलं की सुटतो. ताट फिरत नाही, तर खालची चाकांची रिंग धुतल्यावर उलटी किंवा तिरकी बसली असेल, मधला प्लास्टिकचा तुकडा झिजला असेल. गरम कमी होतं, तर पॉवर कुणीतरी कमी करून ठेवलीय का बघा, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडतं का बघा, ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनला ते लगेच जाणवतं. खात्री करायची असेल तर एक लिटर साधं पाणी फुल पॉवरला एक मिनिट ठेवा, ८०० वॅटचं मशीन असेल तर जेमतेम दहा-बारा डिग्री चढतं, काहीच चढलं नाही तर आत बिघाड आहे. डिस्प्ले वेडावाकडा दिसतोय, तर मागच्या फटीतून झुरळ आत गेलंय असं मी पैजेवर सांगते, बोर्डावर जाऊन मरतात मेली. हे सगळं झालं आणि तरी चालत नाही, तर पुढे ते कव्हरचे स्क्रू येतात, आणि तिथे थांबायचं.

रविवारी मी स्वतः गेले आत्याकडे. आतोबांनी फ्यूजच्या जागी जुन्या टेबलफॅनच्या कॉइलची तार पिळून लावलेली होती, इतकी सुबक की मला राग यायच्या आधी कौतुक वाटलं. मुख्य दाराचा स्विच काढून त्यांच्या हातात दिला, मीटर लावला (वाजला म्हणजे स्विच आतून जोडलेला), म्हटलं दाबा. दाबला, मीटर वाजला. म्हटलं आता सोडा. सोडला, मीटर वाजतच राहिला. त्यांनी परत दाबला, परत सोडला, चार-पाच वेळा. मग चष्मा वर करून स्विचच्या कडेचा तपकिरी डाग बघितला आणि म्हणाले, "म्हणजे हा उघडतच नव्हता." नवा स्विच आणि फ्यूज मिळून दोनशेच्या आत काम झालं, गाडीचं पेट्रोल त्याहून जास्त.

आत्याने मधल्या काळात तो मेसेज सहा ग्रुपवर पाठवून झालेला होता, आता तो सगळ्यांकडून डिलीटही होत नाही. तिने माझ्याकडे ह्याचं उत्तर मागितलंय, "तेवढंच, आठ ओळीत, टिका-बिका घालून". दोन दिवस प्रयत्न करतेय, आठ ओळीत बसत नाहीये.