‘आता सगळं क्लाउडमध्ये असतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘संगणक चालू केल्यापासून पान दिसेपर्यंत’ या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते वाचलं. उत्तर लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय. बाकी वाचकांना संदर्भ लागावा यासाठी तुमची प्रतिक्रिया आहे तशी देतो:

“काका, लेख फारच बाळबोध. कुठल्यातरी जुन्या पुस्तकातून उतरवल्यासारखा वाटतो. डीएनएसला टेलिफोन डिरेक्टरी म्हणणं आता बंद करा. १०० एमबीपीएसवर सेकंदाला १२.५ एमबी प्रत्यक्षात कधीच मिळत नाही. आणि मुळात आता सगळं क्लाउडमध्ये असतं, हार्डवेअर कुणाला शिकायचंय? अडलं तर एआय सांगतो. (मी आयटीत आहे.)”

काका म्हणालात त्याचं काही वाटलं नाही. माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात येणारी पोरं मला काकाच म्हणतात, आणि शेजारी स्टूल ओढून उघड्या कॅबिनेटमध्ये डोकं घालतात. तुमच्या ‘काका’मध्ये मात्र ‘आता बाजूला व्हा’ असं ऐकू येतं. मतभेद असू द्या, ते मला हवेच आहेत. पण ज्या माणसाशी आपली ओळख नाही, त्याला पहिल्याच वाक्यात बाळबोध म्हणायचं आणि दुसऱ्यात चोर ठरवायचं, ही पद्धत कुठली?

होय, चोरच. ‘उतरवल्यासारखा’ याचा दुसरा अर्थ होत नाही. कोणत्या पुस्तकातून? नाव सांगा, पान सांगा. नसेल सांगता येत तर तो शब्द मागे घ्या. एसएमपीएसपासून (वीज पुरवणारा डबा) बायोस (चालू होताच सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम), बायोसपासून डिस्क (डेटा कायम साठतो ती), डिस्कवरून रॅम (चालू कामापुरती मेमरी) असा क्रम मी लेखात दिला, कारण बंद पडलेलं मशीन मी त्याच क्रमानं तपासत आलोय. ४८६ आणि पहिला पेंटियम या प्रोसेसरांच्या काळात सांगलीत मशीन जोडायला शिकलो तेव्हा माझ्या हाताशी मराठी पुस्तक नव्हतं. आयडीईची, म्हणजे डिस्क जोडायची, चपटी पट्टी, तिच्यावर दोन डिस्क, एकीला मास्टर (पहिली) आणि दुसरीला स्लेव्ह (दुसरी) करणारे जंपर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या चिमुकल्या टोप्या. जंपर चुकीच्या पिनांवर बसला की एकही डिस्क दिसायची नाही. मशीन चालू करताच बीप-बीप वाजलं की रॅम काढायची, तिचे सोनेरी पाय खोडरबरानं घासायचे आणि पुन्हा बसवायची. हे मी हातानं शिकलोय, आणि जे हातानं शिकलो तेच लिहिलंय. व्हीएसएनएल (विदेश संचार निगम) या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे आमच्याकडे फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारे मोडेम आले, तेव्हा नुसत्या आवाजावरून मला कळायचं की जोडणी लागणार की मध्येच तुटणार. तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होतात, हे मी विचारत नाही.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. १२.५ एमबीचा मुद्दा मान्य. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट आणि एमबी म्हणजे मेगाबाइट. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटला आठनं भागून मी तो आकडा दिला होता. तारेवरून डेटाबरोबर पत्ते आणि मथळेही जातात. इथरनेटच्या (तारेच्या नेटवर्कच्या) पूर्ण भरलेल्या एका फ्रेमला, म्हणजे डेटाच्या एका गठ्ठ्याला, तारेवर १५३८ बाइट लागतात आणि त्यातला तुमच्या फाइलचा भाग असतो १४६० बाइट. म्हणजे उत्तम तारेवर ११.८ एमबीच्या आसपास, आणि वायफायवर त्याहून कमी. ‘जास्तीत जास्त’ हे दोन शब्द मी त्या ओळीत घातलेत. मात्र ती ओळ लिहिली होती त्या लोकांसाठी, ज्यांना १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतल्यावर सेकंदाला १०० एमबी उतरायला हवेत असं वाटतं आणि फसवलं गेल्याचा राग येतो. त्यांचा गैरसमज आठपटीचा आहे, तुमची दुरुस्ती पाच टक्क्यांची. यावर तुम्ही एक अक्षर काढलं नाहीत.

डिरेक्टरीची उपमा मी बदलणार नाही. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारी यंत्रणा. डीएनएसमध्ये उत्तरं ठरावीक मुदतीपुरती साठवून ठेवतात, खालचा सर्व्हर वरच्याला विचारतो, हे मलाही माहीत आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला नावावरून नंबर मिळतो एवढं कळलं की पुढचं सांगता येतं.

खरा मुद्दा तुमच्या त्या एका वाक्याचा आहे. ‘आता सगळं क्लाउडमध्ये असतं, हार्डवेअर कुणाला शिकायचंय?’ हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडी ऐकलंय आणि दर वेळी ते ऐकून मला वाईट वाटतं, कारण त्याची किंमत ते बोलणारा मोजत नाही.

क्लाउडमध्ये म्हणजे कुठे? इंटरनेटवरून भाड्यानं वापरायच्या दुसऱ्यांच्या संगणकांवर. नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे भागात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. मायक्रोसॉफ्टनं २०१५ साली आपल्या क्लाउडचं भारतातलं एक केंद्र पुण्यात सुरू केलं, ॲमेझॉननं २०१६ साली मुंबईत. आत रॅकवर रॅक (यंत्रं ठेवायचे सांगाडे) आहेत, त्यांत प्रोसेसर, रॅम, डिस्क, बाहेर डिझेल जनरेटर, आणि रात्रंदिवस चालणारं कूलिंग. माझ्या लेखात जे सुटे भाग होते तेच, फक्त हजारोंच्या संख्येनं आणि कुलपाआड. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत गेली. ज्यांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवली नव्हती त्यांचा डेटा गेला तो गेलाच. क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे असं मानून तेही निर्धास्त होते.

आयटीत आहात ना? मग तुमच्या कंपनीचं महिन्याचं क्लाउडचं बिल एकदा उघडा. त्यात काय लिहिलेलं असतं? इतके व्हीसीपीयू, इतके जीबी रॅम, इतकी डिस्क आणि तिच्यावर सेकंदाला किती वेळा लिहिता-वाचता येईल तो आकडा, शिवाय बाहेर गेलेला डेटा किती जीबी. तो व्हीसीपीयू म्हणजे बहुतेक वेळा खऱ्या प्रोसेसरच्या एका कोअरमधला (गणित करणाऱ्या एका भागातला) एक थ्रेड, म्हणजे कामाची एक रांग असते. ज्याला रॅम आणि डिस्क यांतला फरक ठाऊक नाही त्याला हे बिल वाचता येणार नाही. अडतंय डिस्कवर आणि हा रॅम वाढवत बसेल. पूर्वी असा माणूस दुकानदाराकडून फसायचा. आता तो दर महिन्याला, स्वतःच्या कार्डावरून फसतो.

नेटवर्कचंही तसंच. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर आहे. म्हणजे नुसतं जाऊन यायला सव्वाशे मिलिसेकंद, आणि समुद्रातल्या केबली काही सरळ रेषेत जात नाहीत. एखादं पान तिकडच्या सर्व्हरला एकामागून एक वीस गोष्टी विचारत असेल तर अडीच सेकंद वाटेतच गेले. इथे कितीही महागडा प्लॅन घ्या, त्यात फरक पडत नाही. समुद्रातल्या अशा बऱ्याच केबली मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि इथे भारतात इंटरनेट रांगायला लागलं. तेव्हा गिऱ्हाइकं मला मशीन फॉरमॅट करून द्या म्हणून सांगत होती. दोष कुठे असू शकतो हेच माहीत नसलं की माणूस हाताला लागेल ते बदलतो.

याचं जवळचं उदाहरण देतो. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेनं आपलं सॉफ्टवेअर क्लाउडवर नेलं. भर गर्दीच्या वेळी काउंटर अडकायचे, पासबुकं छापायची राहायची, म्हातारी माणसं रांगेत ताटकळायची. सॉफ्टवेअरवाल्यांनी फोनवर सांगितलं, नेट कमी पडतंय, वरचा प्लॅन घ्या. घेतला. फरक नाही. मग म्हणाले, सर्व्हरचा प्लॅन वाढवा. तोही वाढवला. फरक नाही. शेवटी मला बोलावलं. मी आधी तिथल्या राउटरलाच (बाहेरचं नेट आत आणून देणारी पेटी) पिंग लावला, म्हणजे १९२.१६८.१.१ या त्याच्या पत्त्यावर छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते पाहिलं. खोलीतल्या खोलीत पॅकेटं (डेटाचे तुकडे) गळत होती! इंटरनेट तर सोडाच, दोष दाराबाहेरही गेला नव्हता. राउटरपासून स्विचपर्यंत (सगळ्या काउंटरांच्या तारा जोडायची पेटी) जाणारी पॅच कॉर्ड, म्हणजे छोटी केबल, मॅनेजरच्या टेबलाखालून नेलेली, तिच्या टोकाच्या आरजे-४५ प्लगची पकड सैल, आणि खुर्ची सरकली की केबलला हिसका बसायचा. पॅकेट हरवलं की टीसीपी (डेटा नीट पोचवण्याची व्यवस्था) ते पुन्हा पाठवतं आणि पुढे गर्दी आहे असं समजून आपला वेग स्वतःच कमी करतं. म्हणून सगळे काउंटर एकदम मंदावायचे. नवी पॅच कॉर्ड लावली आणि काम संपलं. वाढवलेल्या दोन्ही प्लॅनचे पैसे मात्र सभासदांच्या खिशातून गेले होते.

हे शोधायला इंजिनिअर लागत नाही. माझ्या लेखात तो क्रम दिलाय, तुम्ही तिथवर वाचलं असतंत तर दिसला असता. आधी राउटरला पिंग करा. तिथेच अडलं तर दोष घरात. तिथून उत्तर आलं तर बाहेरच्या एखाद्या नंबराला करा, गूगलचा ८.८.८.८ चालतो. तिथे अडलं तर लाइन किंवा पुरवठादार. नंबराला उत्तर येतंय आणि नावाला येत नाही, तर डीएनएस बघा. पतसंस्थेतल्या क्लार्क ताईंना हे मी त्याच दुपारी शिकवलं. आता काही अडलं की त्या मला फोनवर आधी हे सांगतात आणि मग ‘या’ म्हणतात.

आणि ऑगस्ट २०१९. तुम्ही सांगलीचे नसाल तर बातम्यांत पाहिलं असेल. कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं. पाणी चढतंय म्हटल्यावर लोकांनी दुकानातलं हाताला येईल ते माळ्यावर नेलं. कितीतरी जणांनी मॉनिटर उचलून वर नेला आणि टेबलाखालचं कॅबिनेट तिथेच राहू दिलं. त्यांच्या लेखी संगणक म्हणजे जो दिसतो तो पडदा. उधारी, जीएसटीची बिलं, वर्षानुवर्षांचा हिशेब होता खालच्या डब्यातल्या तळहाताएवढ्या डिस्कमध्ये. चार स्क्रू काढून ती खिशात घालून नेता आली असती. पाणी ओसरल्यावर चिखलानं भरलेली कॅबिनेटं माझ्या दुकानासमोर रांगेनं आली. काहींनी घरीच डिस्क वाळवली आणि वीज लावून बघितली. लॅबमध्ये पाठवून जी कदाचित वाचली असती ती तिथेच गेली. एका औषध दुकानदाराला ‘यातून आता काही निघणार नाही’ हे मला सांगावं लागलं होतं. ‘हार्डवेअर कुणाला शिकायचंय?’ या प्रश्नाचं उत्तर त्या माणसाला विचारा.

तुम्ही म्हणाल, त्यांचा डेटा क्लाउडवर असता तर वाचला असता. बरोबर आहे. पुरानंतर अनेक दुकानांत क्लाउडचा बॅकअप मीच लावून दिलाय. क्लाउडशी माझं भांडण नाही. पण बॅकअप लावतानाही काय कुठे आहे, कोणत्या फोल्डरची प्रत जातेय, कोणत्याची जात नाही, ती परत कशी आणायची, हे मालकाला समजून घ्यावंच लागतं. नाहीतर डेस्कटॉपची प्रत वर जाते, अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर राहते, आणि वर्षभर कुणाला पत्ता नसतो.

तुमच्या क्षेत्रातलंच बघायचं असेल तर ४ ऑक्टोबर २०२१ आठवा. फेसबुक आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडनं त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं नेटवर्क पडलं, त्यामुळे डीएनएस सर्व्हरांकडे जाणाऱ्या वाटांची घोषणा मागे घेतली गेली, आणि कुणालाच त्यांचा पत्ता सापडेना. दूर बसून दुरुस्त होईना, म्हणून इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष पाठवावं लागलं. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक, आणि शेवटी यंत्रासमोर जाऊन उभं राहणारा माणूसच लागला.

एआयबद्दल लांबण लावत नाही. नेट बंद असताना तुम्ही त्याला कुठून विचारणार, एवढंच सांगा.

पुढचा लेख डीएचसीपीवर आहे, म्हणजे घरातल्या प्रत्येक फोनला पत्ता कोण वाटतं आणि दोघांना एकच पत्ता मिळाला तर काय होतं यावर. त्यातलं काही खटकलं तर आकड्यानिशी लिहा, तुमच्या एमबीपीएसच्या ओळीसारखं. मी तपासून बदल करीन. ‘उतरवल्यासारखा’ या शब्दाबद्दल पुस्तकाचं नाव किंवा दिलगिरी, दोन्हींपैकी एक येईपर्यंत तुमच्या बाकीच्या प्रतिक्रियांना मी उत्तर देणार नाही.