फोटो उघडला म्हणून झिजत नाही, आणि आत्या, ते ॲप आधी काढ

रविवारी सकाळी आत्याचा फोन. कर्वेनगरला राहते, वय ७१, मोबाईल माझ्यापेक्षा जास्त वापरते. "अरे, फोन म्हणतोय जागाच नाही, आणि सगळे फोटो मंगळवारचेच दाखवतोय." गेलो. बघतो तर आजोबांची पंच्याहत्तरी, नातवाचं बारसं, २०१४ ची कोकणची ट्रिप, सगळं गॅलरीत एकाच मंगळवारी घडलेलं. चौदाशेच्या आसपास फोटो. कुठल्यातरी ॲपने तिने सगळे जेपीजी फोटो पीएनजी करून घेतले (फोटो साठवायच्या फाईलचे हे दोन प्रकार) आणि मूळचे उडवून टाकले. का, तर सोसायटीच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर मेसेज आला होता.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेलच, मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवलाय. थोडक्यात असा: जेपीजी फोटो दर वेळी उघडला की थोडा पुसला जातो, शंभर वेळा उघडला की निम्मा गेला. पीएनजी करा, गेलेली क्वालिटी परत येते. ॲप नसेल तर नावातलं जेपीजी खोडून पीएनजी लिहिलं तरी चालतं. ७२ डीपीआयचं (इंचाला किती ठिपके छापायचे तो आकडा) ३०० करा, फोटो चौपट क्लिअर. जेपीजीपेक्षा जेपीईजी चांगलं. परदेशी कंपन्या हे मुद्दाम लपवतात. खाली पोपटाचे दोन फोटो, एक छान आणि एक खराब, "शंभर वेळा उघडल्यानंतर". आणि सगळ्यात खाली त्या ॲपची लिंक. आता कळलं का मेसेज कशासाठी आहे ते?

मी नारायण पेठेत डीटीपीचं काम करतो, पत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स. दिवसभर लोकांचे फोटो उघडत बसणं हाच धंदा. उघडून फोटो झिजत असते तर माझं दुकान कधीच बंद पडलं असतं.

तर पहिला मुद्दा, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आत्याला मी तिच्याच कपाटातली सीडी काढून दाखवली. ताईच्या लग्नाची, २००६ ची, त्यात फोटोग्राफरने दिलेले जेपीजी फोटो. ही सीडी एकदा राइट झाली की त्या फोटोंवर पुन्हा काही लिहिता येत नाही. आत्याने ती किती वेळा लावली असेल? येईल त्या पाहुण्याला दाखवलीये. "मग आत्या, उघडल्यावर फोटो पुसतो कोण? खोडरबर आहे कुठे?" गप्प बसली. मग म्हणाली, "पण कॅसेट घासली जायचीच की रे." हे मात्र खरं, आणि मला वाटतं हा मेसेज पटतो तो म्हणूनच. कॅसेट खरंच घासायची, झेरॉक्सची झेरॉक्स खरंच फिकी पडते. पण फाईल म्हणजे आकड्यांची ओळ. वाचली म्हणून ती बदलत नाही, रोज वाचली म्हणून हरिपाठातली ओवी कमी होते का? आणि फाईल खरंच बिघडली, म्हणजे सीडीवर चरा गेला, पेन ड्राइव्ह मेला, तर फोटो असा हळूहळू फिका होत नाही, अर्धा करडा पडतो, रंग भलतेच होतात, नाहीतर उघडतच नाही. कारण आकडे एकामागे एक दाबून भरलेले असतात, मधला एक चुकला की पुढचे सगळे गडबडतात.

आता जेपीजीत खरं नुकसान कुठे होतं ते बघा, कारण होतं, नाही असं नाही. जेपीजीचा मूळ स्टँडर्ड टी.८१ नावाने आहे, सप्टेंबर १९९२ चा, दीडशेच्या वर पानं, नेटवर फुकट मिळतो. अख्खा मी वाचलेला नाही, खोटं कशाला बोलू, पण लागतात ती पानं वाचलीयेत. सेव्ह करताना फोटोतला उजेड-अंधार आणि रंग वेगवेगळे केले जातात, आपल्या डोळ्याला रंगातले बारकावे कमी कळतात म्हणून रंगाची माहिती बहुतेक वेळा कमी करतात, मग ८ बाय ८ पिक्सेलचे, म्हणजे फोटोतल्या ठिपक्यांचे, चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातल्या ६४ आकड्यांचे गणिताने दुसरे ६४ आकडे होतात, पहिला म्हणजे चौकोन सरासरी किती उजळ, आणि पुढचे म्हणजे त्यात किती बारीक चढउतार आहेत. रंग कमी केला तेवढं सोडलं तर इथवर जवळपास काही गेलेलं नाही, हवं तर उलटं गणित करून परत या.

जातं ते पुढच्या पायरीला. टी.८१ च्या शेवटी परिशिष्ट के मध्ये नमुन्याचा एक तक्ता दिलाय, ६४ भाजकांचा, पहिला १६ आणि अगदी शेवटच्या कोपऱ्यातला ९९. प्रत्येक आकड्याला त्याच्या भाजकाने भागायचं आणि जवळचा पूर्णांक ठेवायचा. समजा पहिला आकडा २०३ आहे. भागिले १६, आले १२.६९, ठेवले १३. उघडताना १३ गुणिले १६, म्हणजे २०८. पाचचा फरक पडला, तो कायमचा. कोपऱ्यातला आकडा समजा ४० होता, भागिले ९९ म्हणजे ०.४, ठेवलं शून्य. तो बारीक तपशील गेला, पण असे शून्य ढिगाने झाले की फाईल लहान होते, सगळी युक्ती ती आहे. आता तोच फोटो उघडा. १३ गुणिले १६, २०८. उद्या उघडा, २०८. दिवाळीला उघडा, २०८च. उघडणं म्हणजे फक्त गुणाकार, आणि फाईलमध्ये लिहिलेले १३ कोणी हात लावल्याशिवाय १२ होत नाहीत. गंमत म्हणजे त्याच तक्त्याने परत सेव्ह केलं तरी २०८ भागिले १६ बरोबर १३ येतात, त्यामुळे तेव्हाही फार थोडंच बिघडतं.

बरं, खात्री म्हणून दुकानात एक फोटो घेतला, त्याचा हॅश काढला (हॅश म्हणजे फाईलचा अंगठाच समजा, एक बिट बदललं तरी वेगळा येतो), फोटो पन्नास वेळा उघडला-बंद केला, परत हॅश काढला. तोच. विंडोजमध्ये सर्टयूटिल कमांड असते, ज्याला शंका आहे त्याने आपल्या हाताने करून बघावं, मला मेसेज करू नये.

अर्धं सत्य आहे ते असं: फोटो उघडून क्रॉप केला, फिल्टर मारला, वर "शुभ सकाळ" लिहिलं आणि परत जेपीजी सेव्ह केला की भागाकार नव्याने होतो, क्रॉपमुळे चौकोन सरकतात, क्वालिटी कमी ठेवली असेल तर तक्ता बदलतो, आणि पुन्हा थोडं जातं. असं वीसदा केलं तर फोटोची वाट लागते, मान्य. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तरी तो परत दाबला जातो, तेही मान्य, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसाच जातो. पण हे सेव्ह करणं झालं, उघडणं नाही. मेसेजमधला तो खराब पोपट मी मोठा करून पाहिला, चोचीभोवती चौकोन स्वच्छ मोजता येतात, आठ-आठ पिक्सेलचे. म्हणजे कोणीतरी बसून तो एकदम खालच्या क्वालिटीला सेव्ह केलाय आणि खाली "शंभर वेळा उघडल्यानंतर" असं लिहिलंय.

आता ज्याने खरं नुकसान झालं तो मुद्दा, पीएनजी करा म्हणजे क्वालिटी परत येते. येत नाही. २०३ चे २०८ झाले, आता पीएनजी ते २०८ इमानेइतबारे सांभाळणार, २०३ त्याला माहीतच नाही. पीएनजी प्रत्येक ओळीत शेजारच्या आणि वरच्या पिक्सेलवरून अंदाज बांधतं, फक्त फरक लिहितं आणि झिपसारखं दाबतं, काहीही टाकून देत नाही. लोगो, स्क्रीनशॉट, टाइप केलेला मजकूर यांना झकास, एकच रंग लांबवर असतो, फरक शून्य येतात. पण झाडं, साड्या, बारशाची गर्दी असलेल्या फोटोत शेजारचा पिक्सेल कधी सारखा नसतो. ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे सव्वा कोटीला थोडे कमी पिक्सेल, प्रत्येकी तीन बाइट, कच्चे ३६ एमबी. आत्याचा जेपीजी साडेतीन एमबीच्या आसपास होता, पीएनजी झाला वीसच्या. गुणिले चौदाशे करा. पाच जीबीचे अठ्ठावीस, फोनमध्ये जागा कशी राहील?

आणि तारखा. कॅमेरा जेपीजीच्या सुरुवातीला एक चिठ्ठी ठेवतो, एक्झिफ म्हणतात तिला, फोटो कधी काढला, कुठल्या फोनने, कधीकधी कुठे. पीएनजीतही ती ठेवायची सोय आता आहे, पण त्या ॲपने ठेवली नाही, सरळ फेकली. म्हणून सगळं मंगळवारचं. आजोबांच्या शेवटच्या वर्षातले फोटो कुठल्या महिन्यातले ते आता आत्याला आठवून सांगावं लागतंय. शिवाय ते ॲप फोटो स्वतःच्या सर्व्हरवर चढवून बदलतं, त्या चौदाशेत तिचं आधार, पासबुकाचं पहिलं पान, सगळं होतं. हे वाचून माझं डोकंच फिरलं.

बाकीचं उरकतो. नाव बदलून काही होत नाही. जेपीजी फाईलचे पहिले दोन बाइट २५५ आणि २१६, पीएनजीचे पहिले चार १३७, ८०, ७८, ७१, त्यातले शेवटचे तीन म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. बरीच सॉफ्टवेअरं हे बघून ओळखतात, म्हणून नाव बदललेली फाईल उघडते आणि तुम्हाला वाटतं जमलं. बाकरवडीच्या डब्यात शेव भरली तर ती बाकरवडी होते का?

डीपीआय तर आमचं रोजचं रडगाणं. गिऱ्हाईक येतं, "हा फोटो ३०० डीपीआय केलाय, दहा फुटी फ्लेक्स काढा." १६०० पिक्सेलचा फोटो आहे दादा. ३०० ने छापला तर सव्वापाच इंच, ७२ ने छापला तर बावीस इंच, पिक्सेल तेवढेच. डीपीआय हा फाईलमध्ये लिहिलेला नुसता एक आकडा आहे, छापणाऱ्याला सूचना. जेपीजी आणि जेपीईजी एकच, विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये एक्स्टेन्शनला, म्हणजे नावातल्या टिंबापुढच्या भागाला, तीनच अक्षरं मावायची म्हणून ई गळला. आणि परदेशी डाव म्हणे! ते ६४ आकड्यांचं गणित १९७४ साली ज्यांनी मांडलं ते नासिर अहमद बंगळुरात जन्मले आणि तिथेच इंजिनिअर झाले, सोबत टी. नटराजन आणि के. आर. राव. लपवलेलं काही नाही, पेपर छापलेला आहे.

ॲप काढलं, आत्याचा पासवर्ड बदलला. फोनच्या ट्रॅशमध्ये नऊशेच्या वर जेपीजी अजून शिल्लक होते, ते तारखांसकट परत आले. उरलेल्यांपैकी काही ताईच्या जुन्या लॅपटॉपवर सापडतील असं वाटतंय, शनिवारी तो घेऊन येते म्हणाली. आत्या निघताना विचारते, "मग आता हे परत आलेले उघडून बघू का रे, का नको?"

बघ गं. हवे तेवढ्या वेळा बघ.