आधी पॉलिश करून आणा म्हणे!

"काका, आधी जरा पॉलिश मारून आणा, मग रेटचं बोलू."

पॉलिश! अरे, वेब्ली अँड स्कॉट या विलायती कंपनीची पॉइंट थ्री टू बोअरची, म्हणजे नळीच्या त्या मापाची, रिव्हॉल्व्हर आहे ती, चिंच लावून घासायला देवघरातली समई नाही. आणि हे कुणी म्हणावं? पुण्यातल्या एका बंदुकीच्या दुकानाच्या मालकानं, ज्याचा हाच धंदा आहे.

बाबा ऐंशीला टेकलेत. लायसन त्यांच्या नावावर, त्यामुळे हत्यार मी एकटा घेऊन जाऊच शकत नाही. ती विकायची म्हणून साताऱ्याहून त्यांना गाडीत घालून नेलं. मूळ खोका सोबत, आजोबांच्या काळची खरेदीची पावती सोबत, लायसनचं पुस्तक सोबत. त्या माणसानं कानाचा फोन काढला नाही. रिव्हॉल्व्हर उचलली, हातात जोखली, ठेवली. "सत्तर." सत्तर काय? "हजार. जुना माल आहे काका, आता कोण विचारतंय? कानपूरची नवी कोरी मिळते." कानपूरच्या सरकारी कारखान्याची रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच आराखड्यावर बेतलेली आहे, हे त्याला माहीत नसेल असं मी मानायला तयार नाही.

आणि त्याच वेळी, बाबा समोर बसलेले असताना, दुसऱ्या गिऱ्हाइकानं काचेतल्या एका वेब्लीकडे बोट दाखवलं. हेच मॉडेल. काळीकुळकुळीत, नव्यानं ब्लूइंग, म्हणजे निळसर-काळा मुलामा, मारलेली, घासून घासून नळीवरच्या अक्षरांच्या कडा गोल झालेल्या. "ती? साडेचार लाख. ओरिजिनल पीस आहे." बाबा काही बोलले नाहीत, फक्त फडकं गुंडाळायला लागले. माझं डोकं तिथेच सटकलं.

त्यानं ती उघडूनसुद्धा बघितली नाही! वेब्लीची किंमत करायची तर आधी अंगठ्यानं बाजूची खिट्टी दाबायची, नळी बिजागरीवर पुढे झुकवायची, सहाही चेंबर, म्हणजे गोळ्यांची घरं, रिकामे आहेत याची खात्री करायची. मग नळी उजेडाकडे धरून आतल्या आट्या, म्हणजे गोळीला फिरवणारे पीळ, बघायच्या, कुठे गंजाचे खड्डे आहेत का ते. मिटवल्यावर बिजागरी आणि खिट्टी खुळखुळते का बघायचं. घोडा चढवायचा, अंगठ्यानं धरून सावकाश उतरवायचा, ट्रिगर मागेच दाबून ठेवून सिलिंडर डावीउजवीकडे हलतो का तपासायचं. हललाच तर यंत्र थकलेलं आहे, तिथे किंमत खाली आणा, माझी हरकत नाही. भागांवरचे नंबर एकमेकांशी जुळतात का बघा. बर्मिंगहॅमच्या चाचणीचे मुकुटाचे ठसे स्पष्ट आहेत का बघा. मूळ निळसर मुलामा कडांना थोडा उडालेला असला तरी तो मूळचा आहे, यालाच तर संग्राहक पैसे देतो. पॉलिशच्या चाकावर एकदा धरली की ते ठसे, ती अक्षरं, तो मुलामा सगळं गेलं, परत येत नाही. आणि हा माणूस आम्हाला स्वतःच्या खर्चानं आमच्याच वस्तूची वाट लावून आणायला सांगतो!

आता नातेवाईक. आमचा मामेभाऊ परदेशी लिलावाचे फोटो पाठवतो, "दादा, ही बघ किती डॉलरला गेली." अरे, ती वेब्लीचीच, पण पॉइंट फोर फाइव्ह फाइव्ह बोअरची मार्क सिक्स आहे, १९१५ साली ब्रिटिश लष्करात आलेली. आपल्याकडे तो बोअर प्रतिबंधित. सामान्य लायसनवर चालतो थ्री टू, थ्री एटसुद्धा नाही. तिकडचा दर इकडे लावून काय उपयोग? इथला दर वेगळ्याच गोष्टीनं फुगलाय. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसाला बाहेरून हत्यार आणणं बंद झालं, तेव्हा जेवढ्या विलायती रिव्हॉल्व्हर देशात होत्या तेवढ्याच आजही फिरताहेत. त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका लायसनवरची हत्यारं तीनवरून दोनवर आणली. घेणारा मोजूनमापून घेतो. आणि घेतो कोण? बहुतेक वेळा कमरेला लावून लग्नात मिरवणारा. त्याला आट्या दिसत नाहीत, ठसे दिसत नाहीत, त्याला चकाकी पाहिजे. म्हणून डीलरला पॉलिश पाहिजे. या मिरवणाऱ्यांचा मला मनापासून तिटकारा आहे, आणि खरा संग्राहक शोधायला गेलं तर तो लायसनच्या फेऱ्यांना कंटाळून कधीच बाजूला झालेला असतो.

सिलिंडरवर एका बाजूला गंजाचा जो छोटा डाग आहे, तो दाखवून मात्र त्यानं आवर्जून पैसे कापले. तो डाग घरचा नाही. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या, दोन्ही वेळा आचारसंहिता लागली आणि हत्यार जमा करा म्हणून निरोप आला. पोलीस ठाण्याच्या मालखान्यात चामड्याच्या केसमध्येच पडून राहिली. चामडं ओल धरतं, लोखंडाला खातं. बाबा आयुष्यभर ती तेलाच्या फडक्यात ठेवत आले, केस वेगळी. हे तिथे सांगितलं तर "रांगेत उभे राहा" एवढंच उत्तर मिळालं.

सगळ्यात चीड येते ती याची, की डीलरला आमची अडचण नेमकी माहीत आहे. बाबांना आता नूतनीकरणाच्या चकरा झेपत नाहीत, मला लायसन नकोय. परस्पर विकायची तर घेणाऱ्याकडे योग्य लायसन हवं, त्याचं नाव-पत्ता लेखी कळवायचा आणि पुढे किमान ४५ दिवस थांबायचं. घेणारा तेवढ्यात मन बदलतो. मग माणूस थकतो आणि सत्तर हजारांना मान डोलावतो, आणि तीच वस्तू महिन्याभरात काळी होऊन काचेत बसते. प्रत्येक लायसनधारकाला सरकारनं यूआयएन म्हणून ओळख क्रमांक दिलाय, कोणतं हत्यार कुणाकडून कुणाकडे गेलं याची नोंद आहे, पण कितीला गेलं हे सामान्य माणसाला बघायला कुठेही मिळत नाही. डीलर बोलेल तो भाव.

आम्ही दिली नाही. थ्री टूचं लायसन असलेल्या आणि नळीत डोकावून बघणाऱ्या कुणाला हवी असेल तर बाबा स्वतः उघडून दाखवतील, डागासकट, पावतीसकट. आकडा त्यानंतर बोला.