ठिकाण ठरवा नाहीतर तारीख, दोन्ही नको

कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर राहायला आल्यापासून पुण्या-मुंबईच्या आणि अमेरिकेतल्या मित्रमंडळींना आमच्या शिडाच्या बोटीचं फार कौतुक. येतात ते एक्सेल शीट घेऊनच. सोमवारी कॅरियाकू, मंगळवारी युनियन आयलंड, बुधवारी टोबॅगो केज, गुरुवारी बेक्विया, शनिवारी परतीचं विमान. असंच फिरायचं असेल तर सरळ फेरीबोट आणि छोटी विमानं पकडा, असं माझं मत आहे. इथले बोटवाले पाहुण्यांना आधीच बजावतात: एकतर ठिकाण ठरवा, नाहीतर तारीख.

नकाशावर ही बेटं अगदी शेजारी-शेजारी दिसतात. ग्रेनाडाहून कॅरियाकू तीसेक सागरी मैल, त्यात काय एवढं? पण शाळेत घोकलेले ते व्यापारी वारे इथे पूर्व-ईशान्येकडून येतात आणि आपल्याला जायचं असतं नेमकं ईशान्येला. वाऱ्याच्या तोंडावर शीड चालत नाही, आडवंतिडवं जावं लागतं, वर प्रवाह पश्चिमेला ढकलत असतो. वाटेत किक-एम-जेनी हा समुद्राच्या पोटातला जागृत ज्वालामुखी, त्याला वळसा घालायचा. बेटाच्या आडोशातून बाहेर पडलं की बोट एका कुशीवर कलते, मग आदल्या रात्री चकल्या खात गप्पा झोडणारे एकेक करून गप्प होतात. (खाली केबिनमध्ये जाऊन झोपू नका. वर बसा, क्षितिजाकडे बघा, आलेपाक चघळा.)

त्यात आपल्या लोकांना रजा मिळते नाताळात. नेमके तेव्हाच इथे 'ख्रिसमस विंड्स' सुटतात, नेहमीपेक्षा जोरदार, आणि कधीकधी आठवडाभर हटत नाहीत. शिवाय कॅरियाकू ग्रेनाडाचं, तर समोर दिसणारं युनियन सेंट व्हिन्सेंट या वेगळ्या देशाचं. म्हणजे इकडे निघाल्याचा शिक्का, तिकडे प्रवेशाची परवानगी मागणारा पिवळा झेंडा चढवून पुन्हा इमिग्रेशन, कस्टम्स. अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

म्हणून मी आता पाहुण्यांना टोबॅगो केजला नेऊन नांगर टाकते आणि तिथेच राहू म्हणते. पाच छोटी निर्मनुष्य बेटं, पुढे प्रवाळाची अर्धगोल भिंत, तिच्यापलीकडे थेट आफ्रिकेपर्यंत जमीन नाही. लाटा भिंतीवर फुटतात, वारा मात्र अडत नाही, त्यामुळे डोलकाठीवरचे दोर रात्रभर वाजतात आणि खाली पाणी जवळपास सपाट. बाराडल बेटाजवळ कासवं समुद्रगवत चरत असतात. मधूनच एखादं वर येतं, फुस्स करून श्वास घेतं, आपल्याकडे दुर्लक्ष करून परत खाली. 'उद्या सकाळी निघू ना?' म्हणणारी मैत्रीण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याबाहेर आली नव्हती.

घाई न करण्याचं आणखी एक कारण आहे. 1 जुलै 2024 ला बेरिल वादळाने कॅरियाकू आणि युनियनवरच्या बहुतेक घरांची छपरं उडवली. कॅरियाकूच्या टिरेल बे या उपसागरातल्या खारफुटीत आसऱ्याला नेलेल्या बोटीसुद्धा एकमेकींवर आदळून फुटल्या. तिथे फक्त फोटोपुरतं उतरून निघून जाणं मला बरं वाटत नाही. गावात जेवा, भाजी-मासळी तिथेच घ्या, एखादी रात्र जास्त काढा.

तेव्हा यायचंच असेल तर मार्च-एप्रिलमध्ये या, वारा जरा नरमलेला असतो. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. गोडं पाणी टाकीतलं असतं, तासभर आंघोळ चालणार नाही. आणि चाकांच्या कडक बॅगा कृपा करून आणू नका, बोटीत त्या ठेवायला जागाच नाही.