"कुष्ठरोग 2005 लाच संपला" म्हणे, मग दरवर्षी लाखभर पेशंट येतात कुठून?

नातेवाईकांचा ग्रुप आणि शाळेचा ग्रुप, दोन्हीकडे एकाच दिवशी तोच मेसेज. म्हणणं थोडक्यात असं की कुष्ठरोग 2005 लाच देशातून गेला, हत्तीपायाच्या गोळ्या सरकार घरी येऊन फुकट देतं, गोळ्या घेतल्या की विषय संपला, आजकाल कोणी वाळीतही टाकत नाही, आणि तरी काही लोक 'रुग्णांचं मानसिक आरोग्य' म्हणत रिसर्चच्या नावाखाली फंड लाटतात, गरिबाला डिप्रेशन बिप्रेशन नसतं, ते शहरी चोचले. खाली हात जोडलेले आणि 'पटलं तर पुढे पाठवा'. मी दोन वर्षं विदर्भात ह्याच आजारांच्या सर्वेला घरोघर फिरलेय, त्यामुळे गप्प बसवेना.

"2005 लाच संपला"

डिसेंबर 2005 मध्ये जाहीर झालं ते 'निर्मूलन', आणि सरकारी भाषेत त्याचा अर्थ एवढाच की दर 10,000 लोकांमागे उपचार चालू असलेला रुग्ण एकापेक्षा कमी, तोही अख्ख्या देशाची सरासरी काढून. आजही भारतात वर्षाला एक लाखाच्या वर नवे रुग्ण सापडतात, जगातल्या एकूण नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त. पण 'संपला' हे डोक्यात इतकं बसलंय की घरात कोणाला निघाला तर पहिला प्रश्न 'आपल्यातच कसा काय', आणि मग लपवालपवी सुरू.

"गोळ्या घेतल्या की विषय संपला"

हे अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मी आनंदाने मान्य करते. एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरच्या औषधांचा एकत्रित कोर्स, फुकट मिळते, 6 महिने किंवा 12 महिने घ्यायची, जंतू मरतात, आणि कोर्स सुरू झाल्यावर थोड्याच दिवसात त्या माणसापासून दुसऱ्याला होत नाही. पण जंतू मेले म्हणून कायमची गेलेली नस परत येत नाही ना. कोर्स पूर्ण झाल्यावरही रिॲक्शन येऊ शकते (औषधाची नव्हे, आजाराचीच), नसा ठणकतात, महिनोन् महिने स्टेरॉइड घ्यावी लागतात.

आणि एक गोष्ट मेसेजवाल्याने बहुतेक कधी पाहिलीच नसावी. त्या पाकिटातली क्लोफाझिमिनची गोळी कातडी काळपट करते. गोळ्या थांबल्यावर रंग हळूहळू उतरतो, पण तोपर्यंत बाजारात भेटेल तो विचारणार, 'काय रे, चेहरा असा काळा का पडला?' म्हणजे आजाराचा चट्टा शर्टाखाली झाकता येतो, पण औषध तोंडावर दिसतं. बधीर पायांसाठी एमसीआर, म्हणजे खास मऊ रबराची, चप्पल देतात त्याचंही तेच, गावात ती चप्पल सगळ्यांना ओळखू येते, मग माणूस ती घरात ठेवून देतो आणि अनवाणी शेतात जातो, जखम होते, कळत नाही, चिघळते. आता ही पायाची केस की मनाची, सांगा.

हत्तीपायाचंही असंच. त्या घरपोच गोळ्या मुख्यतः प्रसार थांबवायला आहेत. वर्षानुवर्षं सुजलेला पाय त्याने पूर्ववत होत नाही, तो रोज साबणाने धुवून, कोरडा करून, बोटांच्या बेचक्या तपासून सांभाळावा लागतो.

"गरिबाला डिप्रेशन नसतं"

शब्द नसतो, एवढंच. आमच्या फॉर्मवर 'नैराश्य' छापलेलं होतं, तो शब्द वाचला की समोरचं माणूस आमच्याकडेच बघत बसायचं. एका घरी साठीतल्या बाई, सुजलेल्या पायावर लुगडं ओढून बसलेल्या, सून शेजारीच, सगळ्या प्रश्नांना उत्तर एकच, बरं आहे. सून चहा ठेवायला आत गेली तशा हळूच म्हणाल्या, 'मन लागत नाही बाई कशातच. लग्नाची पत्रिका देतात ना, तर सोबत सांगतात, तब्येत सांभाळा, नाही आले तरी चालते.' मग कपबशा वाजल्या आणि पुन्हा बरं आहे. फॉर्मवर कुठलं उत्तर लिहायचं ते मला आजही नीट ठरवता आलेलं नाही. पण त्यानंतर आम्ही प्रश्न एकांतात आणि लोकांच्या शब्दात विचारायला लागलो, झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा होतो का.

"रिसर्च म्हणजे फंड लाटणं"

लोक स्वतःच्या आजाराकडे कसं बघतात, त्यांना कलंक किती जाणवतो, हे विचारायची 'एमिक' नावाची प्रश्नावली आहे, वेगवेगळ्या देशांत वापरतात. तिच्यावरचा 1992 चा मूळ अभ्यास मुंबईतल्या कुष्ठरुग्णांसोबत झाला होता, विषय कुष्ठरोग आणि मानसिक आरोग्य हाच. मग 2015 मध्ये काही संशोधकांनी हत्तीरोगाचा हिशोब मांडला, आजारपणामुळे आणि अकाली मृत्यूमुळे माणसांची निरोगी आयुष्याची किती वर्षं वाया जातात त्याचा. नुसत्या हत्तीरोगाचा जागतिक आकडा होता 27.8 लाख वर्षं. त्याच रुग्णांच्या नैराश्याचा अंदाज निघाला 50.9 लाख, जवळजवळ दुप्पट, आणि त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांचे आणखी सव्वादोन लाखांच्या वर. आणि हे कुठल्याच हिशोबात धरलेलं नव्हतं! 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ह्याच विषयावर वेगळी मार्गदर्शिका काढली ती काय उगाच?



"आजकाल कोण वाळीत टाकतं?"

कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, ते कायद्यातून काढलं 2019 मध्ये. म्हणजे मेसेजवाल्यांच्या हिशोबाने आजार संपल्यावर 14 वर्षांनी.